लघवीला लागली हे शरीराला कळतं कसं? नेमकं किती भरल्यावर?

वाळुंज (धागाकर्ता)

शाळेच्या पुस्तकात मूत्रपिंड, नेफ्रॉन, मूत्रवाहिनी, मूत्राशय एवढं येतं आणि मग मूत्र बाहेर टाकलं जातं म्हणून विषय आटोपतो. मधला भाग, म्हणजे ‘आता जायला हवं’ ही जाणीव कुठून येते, तो कुठेच नीट सापडत नाही. प्रश्न असे:

१. गच्चीवरच्या टाकीत पाण्याबरोबर वर येणारा बॉल असतो, तसं मूत्राशयात काही असतं का? किती मिलीला घंटा वाजते?
२. मापाच्या भांड्यात मोजून पाहिलं तर कधी जिवाच्या आकांताने धावत जाऊन जेमतेम १३० मिली, आणि कधी निवांतपणे ४५० मिली. घाईचा आणि मापाचा मेळ का लागत नाही?
३. थोडा वेळ दाबून धरलं की ती भावना चक्क निघून जाते. मग लघवी जाते कुठे? परत वर मूत्रपिंडात चढते का?
४. दाराच्या कुलपाला किल्ली लावताना, नळ सोडल्याचा आवाज आला की, थंडी वाजली की एकदम जोराची का लागते?
५. किती वेळ दाबून धरणं चालतं आणि कधी डॉक्टरकडे जायचं?

‘पाणी कमी प्या’ किंवा ‘पाणी जास्त प्या’ एवढंच उत्तर नको. आत काय घडतं ते हवं.


कोयनाकाठ

पहिल्या तीन प्रश्नांचं लिहितो.

टाकीची उपमा निम्मीच लागू पडते. टाकीच्या भिंती हलत नाहीत, त्यामुळे पातळी मोजावी लागते. मूत्राशय ही स्नायूंची पिशवी आहे. रिकामी असताना आतून चुण्या पडलेली, ओटीपोटात जघनास्थीच्या मागे चपटी होऊन बसलेली. त्यामुळे तिथे पातळी कोणी मोजत नाही, मोजला जातो तो भिंतीला बसणारा ताण. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. मेंदूकडे मिलीचा आकडा जातच नाही, जातो तो ताणाचा संदेश. आणि ताण वाढायला फक्त लघवीचं प्रमाण कारणीभूत असतं असं नाही.

भरण्याचा वेग आधी पाहू. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्राव गाळतात आणि त्यातला ९९ टक्के परत रक्तात ओढून घेतात. उरतो दीड-दोन लिटर, म्हणजे ताशी ६०-८० मिली. या हिशेबाने ३०० मिली जमायला चार-पाच तास लागतात. पण एका दमात लिटरभर पाणी प्यायलात तर तासाभराच्या आत मूत्रपिंडं मिनिटाला १० मिली किंवा त्याहून जास्त लघवी सोडू शकतात. मग तेच ३०० मिली अर्ध्या तासात. ‘आत्ताच तर जाऊन आलो’ या तक्रारीमागे बरेचदा एवढंच असतं.

मूत्रवाहिनी म्हणजे २५ ते ३० सेंटीमीटरची बारीक नळी. तिच्यातून लघवी नुसती उतारावरून वाहत येत नाही. नळीच्या स्नायूंची लाट मिनिटाला एक ते पाच वेळा वरून खाली सरकते आणि दर लाटेला थोडी थोडी लघवी मूत्राशयात ढकलते. तुम्ही आडवे असा नाहीतर शीर्षासनात, ही लाट चालूच. नळी मूत्राशयाच्या भिंतीत सरळ न घुसता तिरकी, दीड-दोन सेंटीमीटर भिंतीतूनच जाते. मूत्राशय भरलं की तो तिरका तुकडा आपोआप चेपला जातो. म्हणून धडधाकट माणसात लघवी वर चढत नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: लघवी कुठेही जात नाही. आहे तिथेच असते, वर आणखी जमा होत असते. जाते ती फक्त जाणीव.

आता भिंत. तिच्या स्नायूला डिट्रुझर म्हणतात. त्याचा खरा गुण म्हणजे तो भरताना सैल पडत जातो. फुग्यात हवा भरली की आत दाब चढतो, मूत्राशयात तसं होत नाही. रिकाम्यापासून ३०० मिलीपर्यंत जाताना डिट्रुझरचा दाब जेमतेम १० सेंटीमीटर पाण्याइतका वाढतो. म्हणून पहिले शंभर-दीडशे मिली कधी जमले ते कळतसुद्धा नाही.

किती मिलीला काय वाटतं ते युरोडायनॅमिक तपासणीत दिसतं. एक बारीक नळी मूत्राशयात, दुसरी गुदाशयात. मूत्राशयातल्या दाबातून पोटाचा दाब वजा केला की डिट्रुझरचा दाब मिळतो. सुरुवातीला रुग्णाला खोकायला लावतात. दोन्ही रेषा सारख्याच उसळल्या तर नळ्या नीट बसल्यात असं समजायचं, नाहीतर पुढचा सगळा आलेख फुकट. मग सलाइन हळूहळू सोडत विचारत राहायचं. ‘काहीतरी आहे’ असं पहिल्यांदा वाटतं ते साधारण १५० ते २०० मिलीला. ‘सोय असेल तर जाऊन येऊ’ हे २५० ते ३५० ला. ‘आता थांबता येणार नाही’ हे ४०० ते ६०० च्या दरम्यान. माणसागणिक हे आकडे बरेच हलतात.

ताण ओळखतं कोण? भिंतीच्या आतल्या अस्तराच्या पेशी आणि त्यात रुतलेली मज्जातंतूंची टोकं, दोघं मिळून. अस्तर ताणलं की त्या पेशी एटीपी हे रसायन सोडतात. पेशींना एरवी इंधन पुरवणारं एटीपी इथे निरोप्याचं काम करतं आणि शेजारच्या तंतूंना चेतवतं. शिवाय पीझो-२ नावाचं प्रथिन पेशीच्या पापुद्र्यात दारासारखं बसलेलं असतं. पापुद्रा ताणला की दार उघडतं, विद्युतभारित कण आत शिरतात, संदेश सुटतो. मूत्राशयातलं त्याचं काम २०२० मध्ये उघडकीस आलं. स्पर्शाच्या या प्रथिनांच्या शोधासाठी आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं (ते डेव्हिड ज्युलियस यांच्याबरोबर विभागून). ज्यांच्यात हे प्रथिन जन्मतःच काम करत नाही अशी मोजकी माणसं आहेत. त्यांच्यातल्या काहींना लघवीला लागल्याचं धड कळत नाही, घड्याळाकडे बघून जावं लागतं.

तंतू दोन जातीचे. ए-डेल्टा हे रोजच्या कामाचे, ताण वाढेल तसे जास्त वेगाने ठोके पाठवणारे. सी तंतू एरवी झोपलेले असतात आणि जळजळ, सूज, जंतुसंसर्ग झाला की जागे होतात. ज्याला आपल्याकडे उन्हाळी लागणं म्हणतात त्यात अनेकदा हेच चाललेलं असतं. मूत्राशयात ५०-६० मिलीच असतात, पण सी तंतू ‘भरलं, भरलं’ म्हणून ओरडत असतात. जाऊन बसावं तर चार थेंब, तेही चटका देत.

हे सगळे संदेश ओटीपोटातल्या नसांवाटे मज्जारज्जूच्या शेवटच्या टोकाकडे, त्रिकास्थीच्या दुसऱ्या ते चौथ्या मज्जाखंडात जातात. तिथून मेंदूकडे. पण मेंदूला कळायच्या आधीच खालच्या पातळीवर बंदोबस्त झालेला असतो: सिंपॅथेटिक नसा (आपोआप काम करणाऱ्या नसांचा एक गट) डिट्रुझरला सैल ठेवतात, मूत्राशयाचं तोंड आवळून धरतात, आणि बाहेरचा स्फिंक्टर (लघवी अडवून धरणारा कड्यासारखा स्नायू) भराव वाढेल तसा आणखी घट्ट होतो. तुम्ही बसमध्ये गाढ झोपलेले असताना हा पहारा चालूच असतो.


वाळुंज

तिरक्या नळीचं आवडलं. म्हणजे घंटा एक नाही, खालून सतत टकटक होत असते, असं समजू का? मग ती कधी ऐकू येते आणि कधी नाही, हे कोण ठरवतं?


गोकर्ण

हो, टकटक हाच शब्द बरोबर. आणि ऐकू येणार की नाही हे मेंदू ठरवतो. ओटीपोटाच्या स्नायूंवरच्या फिजिओथेरपीत सगळं काम याच जागी चालतं, म्हणून जरा सविस्तर.

मज्जारज्जूतून आलेली टकटक आधी मध्यमेंदूतल्या पीएजी या भागात जमा होते. तिथून ती दोन वाटांनी जाते. एक वर, इन्शुला आणि सिंग्युलेट या भागांकडे, जिथे तिची ‘भावना’ होते. मग कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग ठरवतो की ही वेळ योग्य आहे का, जागा आहे का, लोक काय म्हणतील. दुसरी वाट खाली, मेंदूच्या देठातल्या पॉन्समध्ये. लघवीचं बटण तिथे आहे. फ्रेडरिक बॅरिंग्टन यांनी १९२५ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांतून ती जागा दाखवली, म्हणून तिला बॅरिंग्टनचं केंद्रक म्हणतात. प्रीफ्रंटल भाग या बटणावर सतत हात ठेवून असतो. हात उचलला की लघवी होते. म्हणजे आपण लघवी ‘करत’ नाही, तिला परवानगी देतो.

परवानगी देणं किती नाजूक काम आहे ते नेदरलंड्समधल्या एका प्रयोगात दिसलं. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला. १७ पुरुषांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून, मूत्राशय भरलेलं असताना, लघवी करायला सांगितलं. दहा जणांना जमली. उरलेल्या सातांना पूर्ण प्रयत्न करूनही एक थेंब आला नाही. ज्यांना जमली त्यांच्या पॉन्समधली बॅरिंग्टनची जागा उजळली. ज्यांना नाही जमली त्यांच्यात तिच्या बाजूचा, आवळून धरणारा भाग. सार्वजनिक मुतारीत शेजारी कोणी उभं राहिलं की धार अडते, तो हाच प्रकार.

आता किल्ली आणि नळ. मेंदू शिकतो. रोज घरी आल्या आल्या आधी मोरीत जायची सवय असेल तर कुलूप, किल्ली, दारातली चप्पल हे सगळं ‘आता परवानगी मिळणार’ याचं चिन्ह होऊन बसतं. बटणावरचा हात आधीच ढिला पडतो आणि डिट्रुझर किल्ली फिरायच्या आत आवळायला लागतो. नळाचंही तेच. आपल्याकडे तर तान्ह्या बाळाला पायांवर धरून ‘शूऽऽ’ करतात. लघवीचा बालशब्दच मुळी त्या आवाजावरून आल्यासारखा, ‘शू’. आवाजाशी इतकी जुनी गाठ बांधली गेल्यावर नळ सोडला की लागणारच. ऑपरेशननंतर लघवी होत नसेल तर नर्स बेसिनचा नळ सोडून ठेवते, ती याच गाठीचा उपयोग करते.

थंडीचं कारण मुख्यतः वेगळं आहे. थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्त आत सरकतं, शरीराला वाटतं पाणी जास्त झालंय, आणि मूत्रपिंडं ते सोडून देतात. घामही नसतो. त्यामुळे थंडीत लघवी खरोखरच जास्त तयार होते.

घाई आली की काय करायचं, तर हे. सांगायला सोपं आहे, पण बहुतेक जण नेमकं उलटं करतात, म्हणजे पळतात. पळताना पोटाचा दाब वाढतो, ओटीपोटाचा तळ हादरतो आणि दारात थेंब सुटतात.

जिथे असाल तिथे थांबा. शक्य असेल तर बसा. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू (वायू अडवताना जे आत ओढले जातात ते) जोरात आवळा आणि सोडा, असं पाच-सहा वेळा झटपट. या स्नायूंच्या आवळण्याने मज्जारज्जूत डिट्रुझरला उलट निरोप जातो, ‘सैल पड’. यात इच्छाशक्तीचा संबंध नाही, ही सरळ वायरिंग आहे. श्वास रोखू नका, मांड्या-नितंब आवळून उपयोग नाही. मन दुसरीकडे न्या, शंभरातून सात-सात वजा करा. घाई ही लाट असते. डिट्रुझरची एक आवळण आली, तिने टोक गाठलं आणि ओसरली, बहुधा एक-दोन मिनिटांत. ओसरली की मग चालत जा, पळत नको. लाटेच्या टोकावर गेलात तर मेंदू शिकतो की घाई केली की दार उघडतं. ओसरल्यावर गेलात तर उलटं शिकतो.

तासातासाला जावं लागणाऱ्यांसाठी मूत्राशयाचा सराव असतो. सध्या सहज जमतं ते अंतर धरा, समजा ६० मिनिटं. आठवडाभर त्या घड्याळाने जा, लागली असो वा नसो. पुढच्या आठवड्यात ७५. असं पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवत तीन-चार तासांवर आणायचं. फरक दिसायला दीड-दोन महिने लागतात, आणि लोक दुसऱ्याच आठवड्यात सोडतात. ‘निघताना उगाच एकदा जाऊन येऊ’ ही सवय मात्र कमी करा. एसटीत पाच तास बसायचं असेल तर जरूर जा, पण भाजी आणायला खाली उतरण्यापूर्वीही जात असाल तर मूत्राशयाला शंभर मिलीलाच रिकामं व्हायची शिस्त लागते.

आणि एक अपसमज: धार मध्येच तोडून व्यायाम करू नका. स्नायू कोणता हे ओळखायला एखाद्या वेळी ठीक. रोज तसं केलंत तर लघवी पूर्ण न होता मागे राहायची सवय लागते. व्यायाम करायचा तो मूत्राशय रिकामं असताना.


निळा_कंदील

वरच्या दोघांचं पटतं, एक भर घालतो. लोक समजतात की आधी मूत्राशय जोर लावतं आणि त्या जोराने तोंड उघडतं. क्रम उलटा आहे. आधी बाहेरचा स्फिंक्टर आणि ओटीपोटाचा तळ सैल पडतो, मूत्रमार्गातला दाब उतरतो, आणि त्यानंतर सेकंद-दोन सेकंदांत डिट्रुझर आवळतो. मूत्राशयाचं तोंड नरसाळ्यासारखं उघडतं. हा आवळण्याचा निरोप ॲसिटिलकोलीन हे रसायन पोचवतं, आणि घाईवरच्या निम्म्या गोळ्या याच निरोपाला अडवतात (ऑक्सिब्युटिनिन, सोलिफेनासिन वगैरे). तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठ होणं हे त्यांचे दुष्परिणामही त्यातूनच, कारण लाळग्रंथी आणि आतडं तेच रसायन वापरतात. म्हाताऱ्या माणसांत विसराळूपणा वाढू शकतो, म्हणून तिथे हात आखडता. मिराबेग्रॉन या गोळीची वाट दुसरी: ते भरतानाच्या सैलपणाला मदत करतं. त्यावर असाल तर रक्तदाब बघत राहायचा.

क्रम महत्त्वाचा अशासाठी की ‘जोर लावून’ लघवी करणं हे आधीच काहीतरी अडल्याचं लक्षण आहे. धडधाकट माणसाला कुंथावं लागत नाही. अस्वच्छ कमोडवर टेकायचं नाही म्हणून अधांतरी, अर्धवट वाकून केलेल्या लघवीतही तेच होतं. मांड्या आणि ओटीपोटाचा तळ तोल सांभाळण्यात गुंतलेले, मग ते सैल कसे पडणार? त्यापेक्षा भारतीय पद्धतीचं भांडं असेल तर पूर्ण उकिडवं बसलेलं कधीही बरं.

जाता जाता, तीन किलोपेक्षा जास्त वजनाच्या सस्तन प्राण्यांना, शेळी असो वा हत्ती, मूत्राशय रिकामं करायला सरासरी २१ सेकंदांच्या आसपास लागतात. मोठ्या प्राण्याचा मूत्रमार्गही लांब, त्यामुळे धारेला वेग जास्त. या अभ्यासाला २०१५ चं इग नोबेल (आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) मिळालं. हसू येतं, पण गणित चोख आहे.


दवंडी

शेवटच्या प्रश्नाचं, म्हणजे कुठे बिघडतं, ते युरॉलॉजीच्या बाजूने.

आधी मोजा. तीन दिवसांची नोंदवही: वेळ, किती मिली, घाई किती (० ते ३), काय आणि किती प्यायलं, झोपायची आणि उठायची वेळ. प्लास्टिकचा ५०० मिलीचा जग पुरतो. बाईंनी कमोडवर ठेवायचं पसरट भांडं घ्यावं, मेडिकलच्या दुकानात मिळतं. ही वही बघितली की निम्मं निदान होतं. त्यात तीन चित्रं ओळखायची असतात.

दिवसाची बेरीज दीड लिटर, पण १२-१५ फेऱ्या आणि दर खेपेला १०० ते १५०: दोष मूत्राशयाचा किंवा त्याच्या संदेशाचा. संसर्ग, अतिक्रियाशील मूत्राशय, खडा, क्वचित आणखी काही. याचा उपाय पाणी तोडणं नव्हे.

दर खेपेला ३५०-४००, फेऱ्या दहा, बेरीज साडेतीन लिटर: मूत्राशय अगदी चोख काम करतंय, लघवीच जास्त तयार होतेय. आधी रक्तातली साखर बघा. साखर मूत्रपिंडाच्या परत ओढून घ्यायच्या मर्यादेबाहेर गेली की लघवीत उतरते आणि स्वतःबरोबर पाणी खेचून नेते. साखर बरोबर असेल तर मग बाटली घेऊन फिरायची हौस, चहा, कॉफी, दारू. दारू एडीएच हे पाणी राखणारं संप्रेरक दाबते, म्हणून प्यायल्यापेक्षा जास्त बाहेर पडतं.

दिवसा ठीक, पण रात्रीच्या लघवीची बेरीज (पहाटेची पहिली धरून) चोवीस तासांच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त: हे वयस्कर माणसांत फार. दिवसभर पायात उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि मूत्रपिंडं रात्रपाळी करतात. दुपारी तासभर पाय उंच ठेवणं, संध्याकाळनंतर पिणं कमी करणं, लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी असेल तर तिची वेळ डॉक्टरांना विचारून बदलून घेणं. घोरणं आणि श्वास अडकणं असेल तर तेही तपासा, कारण झोपेत श्वास अडकला की हृदयातून लघवी वाढवणारं संप्रेरक सुटतं. प्रोस्टेटची (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीची) गोळी वर्षभर खाऊनही रात्री चार वेळा उठणारे गृहस्थ पुष्कळदा या गटातले निघतात.

दुसऱ्या टोकाची गडबड म्हणजे जाणीवच न होणं. मधुमेह बरीच वर्षं बेताबाहेर असेल तर मूत्राशयाच्या नसा बधिर होतात. ६००-७०० मिली साठले तरी माणूस शांत. स्नायू कायमचा ताणून ढिला पडतो, लघवी पूर्ण होत नाही, उरलेल्यात जंतू वाढतात. मग भरून वाहणाऱ्या मडक्यासारखी थेंब थेंब गळती सुरू होते. घरचे म्हणतात ‘यांना सारखी होते’, आणि खरं तर ती होतच नसते. ओळखायचं साधन सोपं: लघवी झाल्या झाल्या सोनोग्राफीने उरलेलं प्रमाण मोजणं. ५० मिलीच्या आत उत्तम. २०० च्या पुढे सातत्याने असेल तर लक्ष घालायलाच हवं. अशा माणसाने लागो न लागो, दर तीन-चार तासांनी घड्याळाने जावं, आणि एकदा करून झाल्यावर अर्धा मिनिट थांबून पुन्हा प्रयत्न करावा.

धारेची तपासणी, युरोफ्लो, करायची असेल तर मूत्राशयात किमान १५० मिली हवेत. त्याहून कमी असेल तर आलेखाला अर्थ नसतो. पण दोन लिटर पाणी पिऊन, फुटायच्या बेताला आलेलं मूत्राशय घेऊन येणंही चूक. अति ताणलेला स्नायू नीट आवळत नाही आणि धार खोटीच मंद दिसते. नेहमीसारखी लागली की करायची.

लघवी अचानक तुंबण्यामागे साठीच्या पुरुषात प्रोस्टेट तर असतंच, पण शेवटची काडी पुष्कळदा सर्दीची गोळी असते. नाक मोकळं करणारं औषध मूत्राशयाचं तोंड आवळतं, आणि त्याच गोळीतलं ॲलर्जीवरचं औषध डिट्रुझरला मऊ पाडतं. दोन्हीकडून कोंडी. पोटाच्या कळेवर घेतात ती डायसायक्लोमिनची गोळीही त्याच पंक्तीतली. ओटीपोट टणक फुगलेलं, प्रचंड कळ, एक थेंब नाही: यात घरी शेक देत बसू नका, कॅथेटर (लघवी बाहेर काढणारी नळी) घालावा लागतो. आणि पाणी पाजू नका, आत आधीच लिटरभर असू शकतं.

त्याच दिवशी दवाखाना गाठायच्या गोष्टी: कंबरेच्या दुखण्याबरोबर लघवीची जाणीव जाणं किंवा सायकलच्या सीटला टेकतो तेवढा भाग बधिर होणं (मज्जारज्जूच्या खालच्या नसांचा गुच्छ दाबला गेलेला असू शकतो, यात तास मोजावे लागतात). लघवीबरोबर थंडी वाजून ताप आणि कुशीत दुखणं. लघवीत रक्त, मग ते एकदाच दिसलेलं आणि न दुखता आलेलं असलं तरी. न दुखता आलेलंच जास्त गंभीरपणे घ्यायचं.


तांबडफुटी

उन्हाळीचा उल्लेख झालाय म्हणून. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, शहाळं यांत भांडण नाही, त्यातलं पाणी कामाचं असतं. लघवी पातळ होते, चटका कमी होतो. दुकानातून आणलेलं सायट्रेटचं गोड सिरपही तेवढंच करतं. दोन्हींनी जंतू मरत नाहीत. दोन दिवसांत उतार नाही, किंवा ताप आहे, गरोदरपण आहे, मधुमेह आहे, तर लघवी तपासून घ्या. नमुना धारेच्या मधला, आधी जागा धुऊन, सुरुवातीची थोडी सोडून. आणि तो प्रतिजैविकाची पहिली गोळी घ्यायच्या आधी, नंतर दिलेल्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) जंतू पुष्कळदा उगवत नाहीत.

‘किती वेळ दाबून धरणं चालतं’ याचं उत्तर पुरुष आणि स्त्रियांना वेगळं मिळतं, आणि ते फक्त शरीरामुळे नाही. एखाद्या वेळी चार-पाच तास दाबल्याने काही बिघडत नाही, मूत्राशय फुटत नाही. पण शेतात, रस्त्यावर, बाजारात, बंदोबस्तावर असणाऱ्या बायका जागाच नसल्याने दिवसभर दाबतात, आणि त्याहून वाईट म्हणजे सकाळपासून पाणीच पीत नाहीत. कमी लघवी म्हणजे जंतू धुऊन निघणं कमी. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटर, पुरुषाचा वीसच्या आसपास. जंतूंना वर चढायला अंतरच नाही. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ मोहीम बायकांसाठी फुकट आणि स्वच्छ मुताऱ्या मागतेय, ती मागणी या चार सेंटीमीटरशी थेट जोडलेली आहे. जागा मिळेपर्यंत निदान एवढं: पाणी तोडू नका, त्याची वेळ हलवा. कामावर निघायच्या दीड-दोन तास आधी दोन पेले, निघताना मूत्राशय रिकामं, मग दिवसभर घोट घोट. एकदम तांब्याभर पिऊन बाहेर पडू नका, तेच अर्ध्या-पाऊण तासात गाठतं.


वाळुंज

माझी यादी संपली. लहान मुलांचं कोणी सांगेल का? शाळेत बसून राहतात आणि ऐन दारात चड्डी ओली. मुद्दाम करतात असं म्हणून रागावलं जातं.


गोकर्ण

मुद्दाम नसतं. बटणावरचा हात, तो कपाळामागचा, वयाबरोबर तयार होतो. नवजात बाळाला दिवसाला वीसएक वेळा होते. भरल्याची जाणीव साधारण दोन-तीन वर्षांत बोलता येते, दिवसाचा ताबा तीन-चार वर्षांत येतो, रात्रीचा त्यानंतर. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं होणं हा आजार धरत नाहीत.

मुलाच्या मूत्राशयाचं माप काढायचं सूत्र आहे: वयात एक मिळवा आणि तीसने गुणा. सहा वर्षांच्या मुलाचं २१० मिली. म्हणजे चहाचे दोन कप. सकाळी सात ते बारा शाळा, मध्ये एकच सुट्टी, त्यात डबाही खायचा आणि रांगेतही उभं राहायचं, तर हिशेब जमणार कसा?

खेळात गुंतलेलं मूल टकटक ऐकत नाही. अचानक थांबून टाच खाली घालून तिच्यावर बसतं, पाय आवळतं. ते नाटक नाही, घाईची लाट दाबतंय. त्या वेळी ‘लागलीय का?’ विचारू नका, ‘नाही’च म्हणेल. दर दोन-अडीच तासांनी सरळ घेऊन जा. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा, तळव्यांना आधार मिळाल्याशिवाय ओटीपोटाचा तळ सैल पडत नाही.

आणि शी रोज साफ होते का ते विचारा. गुदाशय मूत्राशयाच्या अगदी पाठीला लागून आहे. तिथे खडा धरला की तो मूत्राशयाला मागून दाबतो, भरायला जागा कमी पडते आणि भिंत उगाच चेतते. चड्डी ओली होण्याची तक्रार घेऊन आलेल्या मुलात पुष्कळदा आधी बद्धकोष्ठाचा उपचार करावा लागतो, आणि काही वेळा तेवढ्यानेच लघवीचं काम होतं.